तालुक्यात कंपनीच नाही, मग एम.ए. मराठीच्या लेकरांना कामाचा अनुभव द्यायचा कुठं?

प्रश्न — मराठीच्या बाई, हिंगोली जिल्हा

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. वर्ग लहान आहे. पण लेकरं लांबून येतात, एसटी चुकली की पहिला तास जातो. बहुतेकांच्या घरी कोरडवाहू शेती, काहींच्या घरी तीही नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून एम.ए.च्या पहिल्याच वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आली. ४ श्रेयांक, १२० तास. विद्यार्थ्यानं कामाच्या ठिकाणी जाऊन तेवढे तास काम करायचं, तिथल्या जबाबदार माणसाची सही आणायची आणि अहवाल लिहायचा. ज्याला हे जमत नाही त्यानं क्षेत्र प्रकल्प करायचा. मला ही कल्पना मनापासून आवडली. मराठी घेतलेल्या मुलाला कामाशी काही देणंघेणं नसतं, असं जे सगळे धरून चालतात, ते मोडायची ही संधी आहे असं मला वाटलं.

प्रत्यक्षात काय होतंय ते लिहिते. शिक्का मिळतो तिथून मुलं शिक्का आणतात. मामाचं कृषी सेवा केंद्र, ओळखीची पतसंस्था, बसस्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान. अहवाल एकच, त्यावरची नावं तेवढी बदललेली. “सदर आस्थापनेत मला खूप काही शिकायला मिळाले” हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता ते आलं की वही बंद करते. काय शिकलास, असं समोर बसवून विचारलं तर मुलगा खाली बघतो. त्याला खोटं बोलायचं नसतं आणि खरं सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, तुला कामाचा काही अनुभव आहे का? ती लगेच नाही म्हणाली. पुढं बोलता बोलता कळलं की घरच्या हळदीचा सगळा हिशेब तीच ठेवते. काढणीच्या बायांची हजेरी, शिजवायला लागलेलं सरपण, पॉलिशची मजुरी, किती पोती मोंढ्यावर, म्हणजे बाजारात गेली, पट्टी किती आली, उधारी कुणाची फिटली. सातवी-आठवीपासून ठेवते. आणि तरी ती नाही म्हणाली. त्या दिवसापासून मला चैन नाही. आम्ही तिला इतकी वर्षं शिकवलं आणि आपण जे करतो ते काम आहे हेही तिला आमच्याकडून कळलं नाही.

दुसरीकडं औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून अवकाशातल्या गुरुत्वलहरी मोजणार. माझी मुलं त्या वाटेनं जातात-येतात आणि मला विचारतात, मॅडम, तिथं आपल्याला काय मिळंल? सुरक्षारक्षक, असं त्यांचं उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

मला एवढंच विचारायचंय: जिथं कारखाना नाही अशा तालुक्यात भाषेच्या विद्यार्थ्याला खरं काम कुठं मिळंल? आणि ज्यांच्याकडं काम आहे त्यांनी त्याला का घ्यावं? कॉलेजच्या सोयीचं उत्तर देऊ नका. तुमच्या कामाच्या जागेवरून सांगा.

---

किनवटचा मास्तर

आमच्याकडंही हीच गत. आम्ही इतिहासवाले. मुलांना माहूरच्या गडावर पाठवतो आणि अहवालात ‘पर्यटन व्यवसाय’ लिहितो. उत्तरांची वाट बघतोय.

---

मोंढ्यातला मुनीम, वसमत

मॅडम, मी बी.कॉम. आहे, आडत दुकानात हिशेब बघतो. तुमचा प्रश्न वाचून दुकानातच मालकाला वाचून दाखवला. ते म्हणाले, लिही बाबा, तुला ठाऊक आहे ते सगळं लिही.

आमचा हळदीचा हंगाम संक्रांतीनंतर तापतो तो मे संपेपर्यंत. सकाळी ट्रॅक्टर लागतात. कांडी वेगळी, गोल वेगळा, ढिगातून मूठ काढून व्यापारी बघतो, मोडून बघतो, बीट म्हणजे लिलाव होतो, मग मापाडी काट्यावर घेतो. बीट सुरू झालं की एका ढिगाशी कुणी फार वेळ थांबत नाही. शेतकऱ्यानं नऊ महिने सांभाळलेलं पीक आहे, आणि त्याच्या हातात शेवटी येते ती एक हिशेबपट्टी. त्यात वजन, भाव, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, सगळं थोडक्यात मांडलेलं. दहातले सात जण खालचा आकडा बघून पट्टी खिशात घालतात. वरचं वाचत नाहीत. काहींना वाचता येत नाही, काहींना वाचता येतं पण विचारायचा संकोच वाटतो.

मी दुकानाचा माणूस आहे, तरी सांगतो, पट्टी समजावून सांगणारा माणूस काट्याजवळ बसला तर आमचंही भलंच आहे. भांडणं कमी होतील. आज शेतकरी घरी जातो, पोराला पट्टी दाखवतो, पोरगा काहीतरी शंका काढतो आणि दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात येऊन उभे. कधी शंका खरी असते, वजनाची चिठ्ठी अदलाबदल झालेली असते. बहुतेक वेळा तसं काही नसतं, फक्त कुणी नीट सांगितलेलं नसतं. हे सांगायचं काम आकड्यांचं कमी आणि भाषेचं जास्त आहे. थकलेल्या माणसाला, गर्दीत, त्याचा मान राखून, त्याच्या पैशाबद्दल समजावायचंय. कॉमर्सच्या पोरांना मी हे करताना बघितलंय, ते आकडा वाचून दाखवतात आणि थांबतात.

दुसरं काम. शेतमाल तारण योजना आहे, पणन मंडळाची. भाव पडलेला असला तर माल विकू नका, बाजार समितीच्या गोदामात ठेवा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. हळद यात बसते, सोयाबीन बसतं, तूर बसते. योजना १९९० पासूनची. आणि अजून मला असे शेतकरी भेटतात ज्यांनी तिचं नाव ऐकलेलं नाही. सातबारा, अर्ज, गोदामाची पावती, हे एका माणसाकडून भरून घ्यायला किती वेळ लागतो हे मला विचारा. तुमची चार लेकरं हंगामात तेवढं एक काम करतील तर एखाद्या घराचं लग्न सावकाराच्या कर्जावाचून होईल.

तिसरं, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. पोरं आता घरी पावडर करून पाकिटं विकतात. पाकिटावर काय लिहितात तर ‘शुद्ध हळद’. कुठल्या शिवारातली, कोणतं वाण, कधी काढली, कुणी दळली, काही नाही. पुण्याचं गिऱ्हाईक त्या पाकिटाला जास्त पैसे का देईल? ते चार ओळींचं लिहिणं कुणाचं काम आहे? माझ्या मते तुमच्या वर्गाचं आहे.

आता आमची बाजू. दुकानात कुणाला बसवायचं म्हटलं की मालकाला पहिली भीती हिशेब बाहेर जाण्याची. म्हणून पहिल्या दिवशी पोरगं वहीजवळ नको, काट्याजवळ द्या. आणि दुपारी दोनला येऊन चारला जाणारा विद्यार्थी आम्हाला उपयोगाचा नाही, तोवर बीट होऊन गेलेलं असतं. तुमचं दुसरं सत्र आणि आमचा हंगाम एकाच वेळी येतात. सकाळचे तास तेवढे दिवस कॉलेजनं सोडले तर १२० तास कसे भरले ते कळणार नाही. चहा-नाश्ता दुकानाचा. गाडीभाड्याचं मी मालकाशी बोललोय, ते तयार आहेत.

त्या मुलीला, घरचा हिशेब ठेवणाऱ्या, आधी पाठवा.

---

वाळूजचा स्टोअरवाला

मी मूळ जिंतूर तालुक्यातला. बी.ए. झालो, मराठी आणि राज्यशास्त्र. दोन वर्षं पोलीस भरतीचं ग्राउंड मारलं, १६०० मीटरला वेळ बसली पण लेखीत गेलो. मग गावातल्या पोरांसोबत वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आलो. गुत्तेदाराच्या पटावर लागलो, अजूनही त्याच्याच पटावर आहे, फक्त आता लाइनवर नाही, स्टोअरला आहे.

बाई, एक विनंती आहे. १२० तासांसाठी लेकरं इकडं पाठवू नका. वाळूजच्या आसपास पंढरपूर, रांजणगाव, बजाजनगर, कुठंही खोली घ्या, चौघांत एक, तरी भाडं-मेस मिळून घरचे पैसे जातात. आणि आलेल्या पोराला काय देतात? पॅकिंग. बारा तास उभं राहून खोक्यांना टेप लावायची. त्यातून मराठीचा विद्यार्थी काय शिकणार? वर हल्ली काही गुत्तेदारांना कळलंय की कॉलेजला ट्रेनिंगच्या सह्या पाहिजेत. ‘आमच्याकडं पाठवा, सर्टिफिकेट देतो’ म्हणतात. त्यांना फुकटचे हात पाहिजेत. कारखान्यातच शिकायचं असंल तर शिकाऊ उमेदवारी घ्यावी, १९६१ चा कायदा आहे, करार नोंदवला जातो, विद्यावेतन मिळतं, काही झालं तर विचारायला जागा राहते. नोंदणी नाही, वेतन नाही, अशा ठिकाणी लेकरू सोडू नका.

पण भाषेचं म्हणाल तर मला तिनंच लाइनवरून उचललं. आमच्याकडं शिफ्ट बदलताना रजिस्टरला हँडओव्हर लिहायचा असतो. मागच्या पाळीत काय अडलं, कोणता लॉट रिजेक्ट झाला, कशामुळं, पुढच्यानं काय बघायचं. सगळे ‘ओके’ लिहून सही करतात. मी तिसऱ्या पाळीत असताना सविस्तर लिहायचो. कोणत्या पेटीत माल ओला होता, गाडी किती वाजता आली, पत्र्याखाली कुठं गळतं. एका रिजेक्शनवरून वाद झाला, पुरवठादार म्हणाला माल आमच्याकडून चांगला आला होता. साहेबांनी रजिस्टर मागवलं. माझ्या नोंदीवरून ठरलं की पाणी आमच्याच गळक्या पत्र्यातून आलं. पुरवठादाराचे पैसे वाचले. साहेबांनी विचारलं, हे लिहिलं कुणी? पुढच्या महिन्यात मी स्टोअरला.

जे बघितलं ते क्रमानं, स्वच्छ, दुसऱ्याला कळंल असं लिहिणं. हे मला बी.ए.ला निबंधाच्या वहीत एका सरांनी शिकवलं. तेव्हा त्यांनीही सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं की हे कारखान्यात लागतं. तुम्ही तुमच्या लेकरांना आत्ताच सांगा.

---

निवृत्त प्राध्यापक, परभणी

वरची उत्तरं तळमळीनं लिहिलेली आहेत. तरीही मला माझी अस्वस्थता मांडली पाहिजे.

निजामाच्या काळात आपल्या भागातल्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. त्या पिढीतल्या मुलांसाठी शिकणं म्हणजे काय होतं हे मी माझ्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. बापाच्या डोक्यावर जे ओझं होतं ते आपल्या डोक्यावर येणार नाही, याची ती हमी होती. मिलिंदमध्ये आलेल्या मुलाला कुणी म्हटलं असतं की आधी १२० तास गावच्या कामाचा अनुभव घेऊन ये, तर त्यात केवढा अन्याय झाला असता? त्याला गावच्या कामाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. त्याला हवं होतं ते ग्रंथालय.

मला भीती आहे ती याची. पुण्यामुंबईच्या नामांकित महाविद्यालयातला मराठीचा विद्यार्थी आपले तास प्रकाशन संस्थेत, आकाशवाणीत, अभिलेखागारात भरेल आणि आमच्या हिंगोलीचा विद्यार्थी काट्याजवळ बसून पट्टी वाचेल. दोघांना श्रेयांक चारच. पण दोन वर्षांनी सेट-नेटला, संशोधनाला, मुलाखतीला दोघं समोरासमोर आले की कोण मागं पडेल?

आणि शिक्षण एका नोकरीला बांधलं की काय होतं हे आपण डी.एड.च्या वेळी भोगलं आहे. गावोगाव विद्यालयं निघाली, लोकांनी जमिनीचे तुकडे विकून फी भरली, कारण डी.एड. म्हणजे मास्तरकी हे समीकरण होतं. पुढं भरती थांबली. मग शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी, आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं, आणि वाट बघता बघता पोरांची वयं निघून गेली. त्यातले कित्येक जण आज म्हणतात, शिकून वाया गेलो. शिकणं वाया गेलं नव्हतं. त्याला ज्या एकाच खुंटीवर टांगलं होतं ती खुंटी निखळली.

बाई, तुम्ही मुलांना मोंढ्यावर जरूर न्या. पण त्यांचे वाचनाचे तास त्यापायी कापू नका.

---

शेतकरी कंपनीवाली ताई, सेनगाव

सर, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण मीही घरातली पहिली पदवीधर. पण मी गावातच राहिले आणि ओझं उचलत नाही, कंपनी चालवते. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद सगळे आसपासच्या शिवारातले. सोयाबीन, हरभरा, हळद.

मी माझी अडचण सांगते. आमच्या कंपनीला कायद्यानं दर तीन महिन्यांत एकदा तरी संचालकांची बैठक घ्यावी लागते, वर्षातून सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, इतिवृत्त ठेवावं लागतं. इतिवृत्त कोण लिहितं? नांदेडच्या सीएच्या ऑफिसातला मुलगा, इंग्रजीत, बैठकीला न येता. आमच्या संचालक मावश्या त्यावर सह्या करतात. आपण काय ठरवलं हे त्यांनाच वाचता येत नाही. मागच्या वर्षी चाळणी यंत्राच्या खरेदीवरून एकीनं विचारलं, मी तर नको म्हणाले होते, माझं म्हणणं कुठंय? कागदावर ‘एकमताने मंजूर’ होतं. ती पुढच्या बैठकीला आली नाही. तिचा भाग परत करायची भाषा झाली. माणूस तुटतो तो असा.

मला अशी मुलगी किंवा मुलगा पाहिजे जो बैठकीत बसेल, कोण काय म्हणालं ते नीट ऐकेल, विरोध विरोधासारखा लिहील, ठराव ठरावासारखा लिहील आणि शेवटी सगळ्यांना वाचून दाखवून मग सही घेईल. सोप्या मराठीत, पण कायद्याला टिकेल असं. हे काम एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्याला येत नसेल तर मला आश्चर्य वाटेल, आणि येत असेल तर सर, हे अभिलेखागारातल्या कामापेक्षा कमी कसं? अभिलेख इथं तयार होतोय.

आणखीही आहे. सभासदांना जाणारं पत्र, सभेची नोटीस, बँकेच्या प्रस्तावात ‘कंपनीची पार्श्वभूमी’ म्हणून जे पान लागतं ते. हे पान आम्ही दुसऱ्या कंपनीचं उतरवून देत आलोय असं मला तीन कंपन्यांच्या सीईओंनी सांगितलंय. बँकवाला तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो, त्याला आमच्यात वेगळं काय दिसणार?

माझी एक अट आहे. १२० तासांची सही मी १२० तासांनंतरच देईन. आधी नाही, ओळखीनं नाही. कुणी शिक्का मागायला आलं तर त्याला बसवून चहा देईन आणि परत पाठवीन. काम केलं तर येण्याजाण्याचा खर्च कंपनी देईल, आणि इतिवृत्ताच्या शेवटी ‘लेखन’ म्हणून त्या मुलाचं नाव राहील.

---

मराठीच्या बाई, हिंगोली जिल्हा

सगळं दोनदा वाचलं, मग वर्गात मोठ्यानं वाचून घेतलं. स्टोअरवाल्या भाऊंची रजिस्टरची गोष्ट वाचताना मागच्या बाकावरचा एक जण उठून पुढं येऊन बसला.

सर, तुमच्या भीतीबद्दल आधी. वाचनाचे तास कापणार नाही, हा माझा शब्द. उलट मला दिसतंय की ज्यानं माणसांचं बोलणं बारकाईनं वाचलेलं नाही, कथेत, नाटकात, संतांच्या अभंगात, त्याला ताईंच्या बैठकीत कोण काय म्हणतंय आणि काय म्हणायचं टाळतंय ते ऐकूच येणार नाही. पुण्याच्या मुलासमोर माझा विद्यार्थी मागं पडेल की नाही, याचं उत्तर तो काट्याजवळ बसला यावर नाही, तिथून त्यानं काय लिहून आणलं यावर ठरेल. म्हणून यंदा अहवालात ‘मला काय शिकायला मिळाले’ हे प्रकरण मी घेणार नाही. त्याऐवजी त्यानं तयार केलेले कागद लावायचे. समजावून सांगितलेल्या पट्ट्यांच्या नोंदी, माणसांची आणि दुकानाची नावं झाकून. मंजूर झालेलं इतिवृत्त. पाकिटावर छापलेला मजकूर, आणि तो छापण्याआधी किती वेळा बदलला तेही. तोंडी परीक्षेला त्या कागदांवरच प्रश्न विचारू. संशोधनाच्या वर्षी यातूनच कुणाला विषय मिळाला तर तो उसना नसेल.

ताई, दोन मुली तुमच्याकडं यायला तयार आहेत. एकीच्या घरून विचारतात, बैठक संध्याकाळी असते का? परतीची एसटी सहाची आहे. बैठक दुपारी ठेवता येईल का, सांगाल.

स्टोअरवाले भाऊ, गुत्तेदाराबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं. तसं एक पत्र आमच्या कॉलेजात आलेलं आहे. मी ते प्राचार्यांना तुमच्या उत्तरासोबत दाखवलं. त्यांनी नोंदणी आणि विद्यावेतनाबद्दल लेखी विचारायचं ठरवलंय.

एक गाठ मात्र माझ्यानं सुटत नाही, ती इथं मांडून ठेवते. हे सगळं उभं करायला हंगाम-दोन हंगाम लागतील, मोंढ्यावर ओळख व्हावी लागेल, विश्वास बसावा लागेल. माझी नेमणूक सत्रापुरती असते. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. ज्याला स्वतःच्या कामाची शाश्वती नाही त्यानं मुलांना कामाशी जोडून द्यायचं, असं आज गावोगावच्या कॉलेजात चाललंय. यावर इथल्या कुणाकडं उत्तर नसेल हे मला माहीत आहे. निदान ओळखी व्यक्तीच्या नावावर न ठेवता कॉलेज आणि दुकान, कॉलेज आणि कंपनी, असा दोन पानी करार करून ठेवते.

मुनीमभाऊ, तुम्ही म्हणालात ती मुलगी यायला तयार आहे, वडिलांनी होकार दिलाय. बीट कोणत्या वारी बंद असतं तेवढं कळवा. त्या दिवशी दुकानात गर्दी नसेल तेव्हा मी सगळ्यांना एकदा घेऊन येते, पट्टी वाचायची कशी ते आधी तुम्हीच शिकवा.

---

मोंढ्यातला मुनीम, वसमत

या मॅडम. वार मालकाला विचारून आज रात्री कळवतो. येताना घरी पडलेल्या जुन्या पट्ट्या प्रत्येकाला घेऊन यायला सांगा, त्यांच्याच बापाच्या पट्ट्यांवरून शिकवतो.